कॅमेऱ्याशी पुन्हा गट्टी: पुण्यातल्या पुण्यात फोटोग्राफीची मजा कशी परत आणायची

हौसेनं घेतलेला कॅमेरा दोन-तीन वर्षांनी कपाटात जातो, तेव्हा बहुतेकजण वेळ मिळत नसल्याचं कारण सांगतात. मला ते पटत नाही. वेळ नसलेली माणसंही रोज फोनवर फोटो काढतातच. आटलेली असते ती मजा. ती कशी आटते ते पाहिलं तर पुण्यात अनेकांची वाट सारखीच असते. भिगवणचे रोहित झाले, सिंहगडावरचे पावसाळी ढग झाले, वारी झाली, विसर्जन मिरवणूक झाली. प्रत्येक ठिकाणी आधी कुठेतरी पाहिलेला एक फोटो डोक्यात घेऊन जायचं. तसाच मिळाला तर समाधान, नाही मिळाला तर लेन्स कमी पडली असं म्हणून नवी लेन्स शोधायला लागायचं. घराबाहेर पडण्याआधीच फोटो ठरलेला असेल, तर शोधायला उरतं काय?

इथे सांगितलेला रस्ता याच्या उलट जातो. जागा लहान करायची, साधनं कमी करायची आणि एकाच ठिकाणी पुन्हा पुन्हा जायचं. पुणेकरांना हे सोपं आहे, कारण पायी अर्ध्या तासाच्या टापूत इतकं वैविध्य फार कमी शहरांत मिळतं. दोन-तीन महिने आठवड्यातून एक सकाळ किंवा एक संध्याकाळ दिली तरी फरक जाणवतो.

आधी कॅमेऱ्याची तब्येत बघा

बरेच दिवस पडून असलेला कॅमेरा थेट गळ्यात अडकवून निघू नका. बॅटरी पूर्ण चार्ज करा आणि रात्रभर तशीच ठेवून सकाळी किती उरली ते बघा. झपाट्यानं उतरत असेल तर आधी बॅटरी बदला. भर फेरीत कॅमेरा बंद पडला की उत्साह तिथेच मावळतो.

मग लेन्स. पुण्याचा पावसाळा आणि बंद कपाट ही लेन्सवर बुरशी चढण्याची हमखास जोडी. बुरशीला दमटपणा आणि अंधार हवा असतो, आणि कॅमेऱ्याच्या बॅगेत दोन्ही मिळतात. लेन्सची दोन्ही झाकणं काढा, मागून टॉर्च दाखवा आणि पुढून तिरपं बघा. काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी समजा. ती आतल्या काचेवर असते, घरी पुसून जात नाही, तेव्हा कॅमेरा दुरुस्त करणाऱ्याकडे न्या. सुरुवातीच्या टप्प्यात असेल तर साफ होते. फार दिवस राहिली तर काचेवरचा लेप खाते.

सेन्सरवरची (कॅमेऱ्यातल्या, फोटो टिपणाऱ्या भागावरची) धूळ बघायला अपर्चर (लेन्समधलं उजेड आत घेणारं छिद्र; आकडा मोठा तर छिद्र लहान) एफ/१६ वर ठेवून मोकळ्या आकाशाचा एक फोटो काढा आणि मोठा करून पाहा. काळपट ठिपके दिसले तर ब्लोअरनं हवा मारा. तोंडानं फुंकर घालू नका, थुंकीचे कण आत जातात.

इथून पुढे कॅमेरा बॅगेत न ठेवता हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा. डब्यात छोटा आर्द्रतामापक टाकलात तर उत्तम. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास असावा. खरं तर बुरशीवर सगळ्यात चांगला इलाज म्हणजे कॅमेरा वापरात असणं. दर आठवड्याला हवा-उजेड मिळणाऱ्या लेन्सला ती सहसा लागत नाही.

फोनवर फोटो काढणार असाल तर यातलं एकच काम आहे. मागची काच मऊ सुती कापडानं पुसा, आणि बाहेर पडताना दर वेळी पुसा. खिशातल्या बोटांच्या तेलकट डागांनी फोटो जितके धूसर होतात, तितके जुन्या फोनमुळे होत नाहीत.

एक लेन्स, एक सेटिंग

मजा परत आणायची असेल तर बटणांशी झगडा नको. सेटिंग एकदा लावायचं आणि विसरायचं.

अपर्चर प्रायॉरिटी निवडा, म्हणजे अपर्चर तुम्ही ठरवायचं आणि शटर कॅमेऱ्यानं. कॅननवर ते ‘एव्ही’ म्हणून असतं, निकॉनवर ‘ए’. दिवसा रस्त्यावर एफ/८ ठेवा. समोरचा माणूस आणि मागचं दुकान दोन्ही बऱ्यापैकी स्पष्ट येतात. आयएसओ (उजेडाला कॅमेरा किती संवेदनशील; वाढवला की फोटोत दाणे येतात) ऑटोवर टाका, त्याची वरची मर्यादा ३२०० ठेवा. कॅमेऱ्यात किमान शटरस्पीड (शटर किती वेळ उघडं राहतं ते) ठरवायची सोय असेल तर १/२५० सेकंद लावा, म्हणजे चालती माणसं हलणार नाहीत. अंधाऱ्या जागी गेलात की अपर्चर तेवढं उघडा. बाकी हातात एकच गोष्ट राहू द्या, ती म्हणजे एक्स्पोजर कमी-जास्त करण्याची चकती. आपल्याकडच्या उन्हात ती उणे दोन-तृतीयांशवर ठेवली तर पांढरे सदरे, स्टीलची भांडी, देवळाचे चुनेगच्ची कळस फटफटीत होत नाहीत.

लेन्स एकच न्या. ३५ किंवा ५० मिलिमीटरची एकाच फोकल लेंग्थची, म्हणजे झूम न होणारी लेन्स असेल तर ती. कॅमेऱ्याबरोबर आलेली १८-५५ असेल तर ३५ वर आणून झूमच्या कड्यावर चिकटपट्टी लावून टाका. लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ३५ चा कोन फुल फ्रेमवरच्या (मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावरच्या) ५० च्या जवळपास येतो. फार रुंदही नाही, फार अरुंदही नाही. पहिले एक-दोन दिवस हात आखडल्यासारखा वाटेल. मग पाय हलायला लागतात. दोन पावलं पुढे गेल्यावर, गुडघ्यावर बसल्यावर काय बदलतं ते दिसू लागतं. कॅमेरा उचलण्याआधीच किती चौकट येणार हे डोळ्यांना कळायला लागलं, की ही लेन्स अंगवळणी पडली.

फोनवर मुख्य कॅमेराच वापरा आणि बोटांनी ताणून झूम करू नका. चौकटीच्या रेघा चालू ठेवा. पडद्यावर बोट दाबून धरलं की फोकस आणि उजेड दोन्ही कुलूपबंद होतात. मग बोट खाली ओढून उजेड थोडा कमी करा. ही एवढीच युक्ती फोनच्या फोटोंना फार वर नेते. आणि फेरी संपेपर्यंत फोन फ्लाइट मोडवर ठेवा.

दोन गोष्टी आणखी. फोटो काढल्यावर लगेच पडद्यावर दिसण्याची सोय बंद करा. काढलेला फोटो बघायला मान खाली गेली की समोरचा पुढचा क्षण निसटतो. आणि एका फेरीला ३६ फोटोंची मर्यादा घाला. जुन्या रोलमध्ये तेवढेच असायचे. ही मर्यादा मला सगळ्यात जास्त मोलाची वाटते, कारण तिच्यामुळे प्रत्येक वेळी बोट दाबण्याआधी क्षणभर विचार होतो, आणि त्या क्षणातच फोटोग्राफीचा खरा आनंद आहे.

टापू निवडा, आणि तो सोडू नका

नकाशावर स्वतःच्या सोयीची अशी जागा निवडा जी पायी अर्ध्या तासात ओलांडता येईल. कसबा पेठ घ्या. मंडई ते तुळशीबाग घ्या. कॅम्पातलं शिवाजी मार्केट आणि आसपासच्या गल्ल्या घ्या. कोथरूड, सहकारनगर किंवा वाघोलीला राहत असाल तर तुमचीच सोसायटी, भाजीवाला, बसथांबा आणि शाळेचा रस्ता हा टापू तितकाच चांगला. ‘आमच्याकडे काही फोटो काढण्यासारखं नाही’ असं वाटणाऱ्यांनी जोसेफ सुडेक या चेक छायाचित्रकाराची आठवण ठेवावी. पहिल्या महायुद्धात त्यानं उजवा हात गमावला होता. प्राग शहरातल्या आपल्या स्टुडिओच्या एकाच खिडकीतून तो १९४० पासून अनेक वर्षं फोटो काढत राहिला. कधी काचेवरचं दव, कधी बाहेरचं वाकडं झाड. तुमच्या गॅलरीतूनही हे करता येतं.

पहिल्या फेरीत कॅमेरा बाहेर काढूच नका. नुसते चाला आणि एकच प्रश्न विचारत राहा: उजेड कुठून येतोय?

उजेडाचं वेळापत्रक

या भागावर जरा रेंगाळायला हवं, कारण मजा परत येते ती बहुधा इथूनच. विषय सगळ्यांना दिसतात. उजेड बघायला लागलेल्या माणसाला तीच गल्ली रोज वेगळी दिसते.

पुणे साधारण साडेअठरा अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मेच्या मध्याला आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली त्याच्या पायाशी गोळा होते. जुलैत ढगांमुळे ते सहसा दिसत नाही, मेमध्ये हमखास दिसतं. याउलट डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून सुमारे ४८ अंशच वर असतो आणि दक्षिणेकडे झुकलेला असतो. म्हणजे हिवाळ्यात पुण्यात दिवसभर तिरपा उजेड मिळतो, दुपारी बारालासुद्धा. ‘सकाळ-संध्याकाळच फोटो काढायचे’ हा नियम मे महिन्यापुरता खरा आहे. डिसेंबरात तो पाळायची गरज नाही.

आता रस्ते बघा. लक्ष्मी रस्ता साधारण पूर्व-पश्चिम जातो. हिवाळ्यात त्याच्या उत्तरेकडच्या दुकानांवर ऊन पडतं आणि दक्षिणेकडची बाजू सावलीत राहते. सावलीत उभं राहून समोरच्या उन्हातल्या माणसांचे फोटो काढले तर रंग उठून येतात. संध्याकाळी अलका चौकाच्या दिशेला तोंड करून उभे राहिलात तर येणारी-जाणारी माणसं उजेडाच्या विरुद्ध येतात, केसांना आणि पदरांना सोनेरी कड लागते. बाजीराव रस्ता आणि शिवाजी रस्ता दक्षिणोत्तर आहेत. तिथे सकाळी एक बाजू उजळते, दुपारनंतर दुसरी. तुमच्या टापूतल्या गल्ल्यांची दिशा एकदा वहीत लिहून ठेवा आणि कोणत्या वेळी कोणती भिंत उजळते याची नोंद करा. पंधरा-वीस ओळींची ती वही कोणत्याही महागड्या लेन्सपेक्षा जास्त उपयोगी पडते.

सूर्योदय डिसेंबर-जानेवारीत सातच्या सुमारास होतो, जूनमध्ये सहाच्या. मावळणं डिसेंबरात सहाच्या सुमारास, जूनमध्ये सव्वासातच्या आसपास. नोकरी करणाऱ्यांना हिवाळ्याची सकाळ परवडते. उशिरा उजाडतं, आणि पावणेआठलाही उजेड कोवळा असतो.

मंडईचं उदाहरण घेऊन बोलतो. ही इमारत १८८६ साली पुरी झाली, तेव्हा मुंबई प्रांताच्या गव्हर्नरवरून तिला रे मार्केट म्हणत. आज ती महात्मा फुले मंडई आहे. मधल्या अष्टकोनी मनोऱ्याचे फोटो बाहेरून सगळेच काढतात, तो तुम्हीही एकदा काढून मोकळे व्हा. मग आत या. उंच छपराखाली उजेड कमी असतो, आणि म्हणूनच तो दिसतो. बाहेरचा निळसर उजेड कमानींतून आत येतो, गाळ्यांवरचे दिवे त्यात पिवळा रंग मिसळतात. विक्रेत्या मावशींच्या चेहऱ्याची एक बाजू थंड आणि दुसरी उबदार दिसते. कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) इथे ऑटोवरून काढून ‘डेलाइट’वर ठेवा. ऑटोवर कॅमेरा दोन्ही रंगांची सरासरी काढतो आणि सगळी गंमत घालवतो. अपर्चर एफ/२.८ किंवा मिळेल तेवढा उघडा, आयएसओची मर्यादा ६४०० पर्यंत वाढवा. थोडे दाणे दिसले तर दिसू द्या.

तिथे उभं राहायची जागा आधी ठरवा. कमानीतून आत पडणाऱ्या उजेडाचा पट्टा शोधा, त्याच्यावर एक्स्पोजर ठरवा आणि थांबा. कोणीतरी टोपली घेऊन त्या पट्ट्यातून जाणारच आहे. रस्त्यावरच्या फोटोंसाठी माणसामागे धावण्यापेक्षा रंगमंच निवडून पात्रांची वाट बघणं केव्हाही चांगलं. दहा मिनिटं एकाच जागी थांबायला शिकलात की अर्धं काम झालं. येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या वाटेत मात्र उभं राहू नका. सकाळी हमाल पाठीवर ओझं घेऊन धावत असतात.

माणसांचे फोटो

यात अनेकांचं घोडं अडतं. विचारलं तर माणूस ताठ होतो, न विचारता काढला तर मनाला टोचतं.

माझं मत स्पष्ट आहे. गर्दीचा, चौकाचा, पाठमोऱ्या माणसांचा फोटो असेल तर विचारायची गरज नाही. एकाच माणसाचा चेहरा हा विषय असेल तर विचारा. ‘काका, काम चालू राहू द्या, एक फोटो काढू का?’ एवढं पुरतं. काम चालू राहू द्या, हे आधी म्हणायचं. तेवढ्या वाक्यानं माणूस कॅमेऱ्याकडे बघायचं सोडून पुन्हा हातातल्या कामाकडे वळतो. नाही म्हणाले तर हसून पुढे जा. लहान मुलांचे फोटो आई-वडिलांना विचारल्याशिवाय काढू नका. ओंकारेश्वराच्या घाटावर दशक्रिया विधी चालू असतील तर कॅमेरा बॅगेतच ठेवा.

कसब्यातल्या तांबट आळीत हे फार छान जमतं. तांब्याच्या भांड्यावर हातोडीनं एकसारखे ठोके घालून नक्षी उमटवायच्या कामाला मठारकाम म्हणतात. त्या आवाजाच्या मागे गेलात तरी आळी सापडते. आधी थोडा वेळ बसून काम बघा, चार गोष्टी विचारा, मग कॅमेरा काढा. शटर १/३० वर आणलंत तर हात आणि हातोडी फरफटलेली येतात, भांडं आणि चेहरा स्थिर राहतो. १/५०० ला हातोडी हवेत गोठते आणि फोटोतला ठोका ऐकू येईनासा होतो. दोन्ही काढून घरी शेजारी ठेवून बघा.

काही खेळ

टापू ओळखीचा झाला, उजेड कळायला लागला, की प्रत्येक फेरीला एक छोटा खेळ ठरवा. खेळामुळे डोळे एका गोष्टीवर येतात.

एक दिवस फक्त सावल्या. एक दिवस फक्त हात: फुलं ओवणारे, चहा गाळणारे, नाणी मोजणारे. एक दिवस एकच रंग, उदाहरणार्थ हळदीचा पिवळा. तो रिक्षाच्या टपापासून झेंडूच्या ढिगापर्यंत सगळीकडे सापडतो. एक दिवस वाड्यांचे दरवाजे, पण ठरवून असं की प्रत्येक चौकटीत दरवाज्याबरोबर आजची एक तरी वस्तू असावी: उभी केलेली ई-स्कूटर, कुरिअरचं खोकं, शाळेचं दप्तर. नुसत्या जुन्या दरवाज्यांचे फोटो चांगले दिसतात, पण दहावा दरवाजा पहिल्यासारखाच वाटू लागतो.

पुण्याला शोभणारा खेळ म्हणजे पळत्या दुचाकीचा पॅनिंग शॉट. जंगली महाराज रस्त्यावर रुंद पदपथ आहे, झाडांची सावली आहे आणि वाहतूक एका दिशेनं जाते, त्यामुळे तिथे शिकायला सोपं. शटर प्रायॉरिटी लावा, कॅननवर ‘टीव्ही’, निकॉनवर ‘एस’. आयएसओ १००, शटर १/३०. ही दोन्ही मूल्यं कडक उन्हात चालत नाहीत, फोटो पांढरा पडतो. म्हणून सावली किंवा संध्याकाळ हवी. फोकस कंटिन्युअसवर ठेवा. रस्त्याला काटकोनात उभे राहा, पाय रोवा आणि कमरेतून वळा. दुचाकी लांबून येताना दिसली की कॅमेरा तिच्यावर धरून तिच्याच वेगानं वळायला सुरुवात करा, समोर आली की बटण दाबा आणि दाबल्यानंतरही वळत राहा. बहुतेकजण बटण दाबताक्षणी थांबतात, तिथेच फोटो बिघडतो. सुरुवातीला बहुतेक फोटो फुकट जातील. एक जमतो, त्यात चालवणारी स्पष्ट आणि मागची झाडं रेघारेघांची येतात, आणि मग रस्ता सोडवत नाही. या खेळापुरती ३६ ची मर्यादा विसरा.

पाऊस

पावसाळ्यात कॅमेरा ठेवून देणं हे आपल्याकडचं मोठं नुकसान. ढगांमुळे उजेड सगळीकडून सारखा येतो, चेहऱ्यांवरच्या कडक सावल्या जातात, भिंतींचे रंग गडद होतात. दुधाच्या पिशवीएवढी जाड प्लॅस्टिकची पिशवी घ्या, लेन्सच्या तोंडाएवढं भोक पाडा आणि रबरबँडनं लेन्सच्या हूडवर घट्ट बसवा. एक कोरडं कापड आतल्या खिशात हवं. घरी आल्यावर कॅमेरा आधी बाहेरून पुसा आणि तासभर पंख्याखाली उघडा ठेवा, मगच डब्यात टाका. ओला कॅमेरा बंद डब्यात ठेवणं म्हणजे बुरशीला आमंत्रण.

बघायचं काय? दिवेलागणीच्या वेळी साचलेल्या पाण्यातली दुकानांची प्रतिबिंबं. कॅमेरा जमिनीच्या जितका जवळ न्याल तितकं प्रतिबिंब मोठं दिसतं, फोन उलटा धरला तर त्याची लेन्स पाण्याला जवळजवळ टेकते. बसच्या घामेजलेल्या काचा. वेताळ टेकडीवर खाणीच्या बाजूला उतरलेलं धुकं आणि त्यातून चालणारी रोजची मंडळी. टेकडीवर पावसाळ्यातलं हिरवं गवत उन्हाळ्यात वाळून पिवळं पडलेलं असतं, तेव्हा तिथे मेमध्ये आणि ऑगस्टमध्ये एकाच जागेवरून एक-एक फोटो काढून ठेवा.

पालखी आणि गणपती, पण बाजूनं

मोठे सोहळे टाळायचे असं मी म्हणत नाही. फक्त जिथे सगळे कॅमेरे बघतात तिथून थोडं बाजूला व्हा. ज्ञानोबांची पालखी भवानी पेठेत आणि तुकोबांची नाना पेठेत मुक्कामाला असते, तेव्हा खुद्द पालखीभोवती उभं राहायला जागा नसते. पण आसपासच्या शाळांत आणि मंडपांत वारकरी विसावलेले असतात. कुणी पाय चेपून देतं, कुणी दाढी करून देतं, कुणी फाटलेलं शिवून देतं. तिथे बसा, हवा तेवढा वेळ घ्या, रामकृष्ण हरी म्हणा.

गणेशोत्सवाआधीचे आठवडे तर खास राखून ठेवा. नदीकाठी ढोल-ताशा पथकांचा सराव चालू असतो. गणवेश नसतो, गर्दी नसते, चुकणारे ठोके असतात, ढोलाला दोरी आवळणारे हात असतात. रात्रीच्या अपुऱ्या उजेडात आयएसओ ६४०० आणि शटर १/१२५ पासून सुरुवात करा. टिपरू फरफटलेलं आलं तर छानच.

शनिवारवाडा, पाताळेश्वर यांसारख्या भारतीय पुरातत्त्व विभागाच्या जागी हातातल्या कॅमेऱ्यानं फोटो काढता येतात, ट्रायपॉड लावायचा तर परवानगी लागते. लष्करी हद्दीच्या भिंती, फाटकं, पहारे यांचे फोटो काढू नका. पुण्यात अशी हद्द बरीच आहे. ड्रोन तर नियम नीट वाचल्याशिवाय उडवूच नका.

निवड आणि प्रिंट

फेरीहून आल्यावर फोटो संगणकावर उतरवा, दुसऱ्या डिस्कवर प्रत ठेवा आणि आठवडाभर बघू नका. हे जड जातं, पण करून बघाच. लगेच बघितले की काढतानाची धडपड आठवते आणि ज्या फोटोसाठी सगळ्यात जास्त कष्ट पडले तोच सगळ्यात चांगला वाटतो. आठवड्यानं फक्त फोटो समोर असतो.

पहिली निवड वेगानं करा, छोट्या आकारात, सगळे एकत्र पडद्यावर मांडून. अंगठ्याच्या नखाएवढा असतानाही जो डोळ्यांत भरतो त्याची मांडणी पक्की असते. ३६ मधून तीन-चार ठेवा. बाकीचे पुसू नका, वेगळ्या फोल्डरमध्ये टाका. सहा महिन्यांनी त्यातून एखादा वर येतो. सुधारणा थोडक्यात करा: उजेड, काळा रंग किती गडद हवा ते, आणि कडेचं नको असलेलं छाटणं. एका फोटोला पाच मिनिटांहून जास्त लागत असतील तर बहुधा फोटोच बदलायला हवा.

हे फोटो समाजमाध्यमांवर टाकायचे की नाही ते तुम्ही ठरवा, पण पहिले तीन महिने टाकू नका असं मी आग्रहानं सांगेन. कोणता फोटो लोकांना आवडेल याचा अंदाज मनात सुरू झाला की डोळे पुन्हा जुन्या वाटेनं जातात. त्याऐवजी फोटोंचं वेड असलेला एक मित्र किंवा मैत्रीण गाठा आणि रविवारी सकाळी फेरीनंतर अमृततुल्यात बसून एकमेकांचे चार-चार फोटो बघा. हा का आवडला, हा का नाही, हे बोलून सांगावं लागलं की स्वतःलाच कळतं. अधूनमधून बालगंधर्वचं कलादालन, घोले रस्त्यावरचं राजा रविवर्मा कलादालन इथे छायाचित्रांची प्रदर्शनं लागतात तीही बघा. भिंतीवर मोठ्या आकारातला फोटो पाहण्याची सर फोनच्या पडद्याला नाही.

आणि प्रिंट काढा. महिन्याचे निवडलेले दहा-बारा फोटो चार बाय सहा इंचांत मॅट कागदावर काढायला फारसा खर्च येत नाही. कॅमेऱ्याच्या फोटोचं प्रमाण तीनास दोन असतं, ते चार बाय सहाला बरोबर बसतं. फोनचा फोटो बहुधा चारास तीन असतो, त्याच्या दोन कडा कापल्या जातात. म्हणून लॅबमध्ये सांगा, ‘कापू नका, पांढरी कड सोडा.’ पडद्यावर फोटो मागून उजेड घेऊन चमकतो, कागदावर तसा नसतो. तेव्हा पहिल्यांदा दोनच फोटो काढून बघा, गडद आले तर सगळे थोडे उजळ करून मग बाकीचे द्या.

प्रिंट आले की जेवणाच्या टेबलावर पसरा. आता त्यांचा क्रम लावायचा. कोणता कोणाशेजारी शोभतो, मंडईतल्या टोपलीचा गोल आणि तांबट आळीतल्या भांड्याचा गोल शेजारी ठेवले तर काय होतं, हे हातानं हलवूनच कळतं. घरच्यांनाही बोलवा. आजी-आजोबा असतील तर ते एखाद्या गल्लीत आधी काय होतं ते सांगू लागतात, ते फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीनं तारखेसह लिहून ठेवा. या मांडामांडीत एखाद्या मालिकेची कल्पना सुचते, आणि पुढच्या महिन्यात काय शोधायचं तेही इथेच ठरतं.

ज्यांचे फोटो काढलेत त्यांच्यासाठी एक-एक जादा प्रत काढा. सकाळच्या घाईत देऊ नका, दुपारी गिऱ्हाईक ओसरल्यावर जा आणि प्रिंट पाकिटात घालून न्या, नाहीतर ओल्या हातांनी खराब होतो. फोटो त्यांना आवडला नाही तर का ते विचारा. चेहरा काळा आला, पदर नीट नव्हता, मागे कचरा दिसतोय, अशी थेट उत्तरं मिळतात आणि ती फार उपयोगी असतात. तिथल्या तिथे पुन्हा काढा म्हणाले तर काढा, ते सांगतील तसा, समोर बघून ताठ बसलेला. ती प्रतही त्यांच्या पाकिटात जाऊ द्या, आणि एक आपल्या अल्बममध्ये ठेवा.